नित्य केशपरिचर्या व अल्पमोली केशप्रसाधने : एक विवेचन

दिवाळी जवळ आली की आयुर्वेदीय औषधी दुकानांत उटणे आणि अभ्यंगतेल यांची मागणी वाढते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. एके काळी केसांसाठी येणारा ग्राहक माक्याचे तेल, आवळकाठी, शिकेकाई व रिठा एवढ्यावर संतुष्ट असे. आज पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यातील दुकानात येणारा तरुण ग्राहक जेल, सीरम, वॅक्स, कंडिशनर, काळी मेंदी आणि केराटिन यांची चौकशी करतो. वस्तू शंभर रुपयांच्या आत मिळावी अशी त्याची अपेक्षा असते, आणि शेवटी तो एक प्रश्न हमखास विचारतो : ‘यातले आयुर्वेदिक कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा घाईने देतो. ते विचारपूर्वक कसे द्यावे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी एक तरुणी बहिणीच्या लग्नापूर्वी केसांना लावण्यासाठी आमच्या चिकित्सालयालगतच्या विक्रीकक्षातून काळ्या मेंदीचे पाकीट घेऊन गेली. पाकिटावर हिरवी पाने रंगविलेली होती. ‘वनस्पतीच आहे, निःशंक लावा’ असे आम्हीच तिला सांगितले. तिसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या. कपाळ, कानशिले व कानांच्या पाळ्या लाल होऊन त्यांतून लस येत होती. प्रथम आमचे लक्ष विसर्पाकडे गेले. नंतर पाकीट मागवून घेतले आणि त्याच्या मागील बाजूची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचली, तेव्हा उलगडा झाला. तिला तत्काळ त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. ती बरी झाली. परंतु बहिणीचे लग्न तिने घरात बसून काढले. तिने आम्हांस दोष दिला नाही. ‘डॉक्टर, तुमच्याकडून घेतलं म्हणून निर्धास्त लावलं,’ एवढेच ती म्हणाली. हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. आपल्या दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूस आपल्या शास्त्राची साक्ष मिळते. अतएव ती वस्तू काय आहे, हे जाणून घेणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते.

१. केशभूमी आणि केशदंड

या विषयातील बहुतेक गोंधळ दोन भिन्न गोष्टी एक मानल्यामुळे होतो. केसाचे मूळ जेथे रुजलेले असते ती केशभूमी सजीव आहे. तिला रक्तपुरवठा आहे, तेथे दोषांचा प्रकोप होतो आणि तेथे औषधाचा उपयोगही होतो. याउलट त्वचेबाहेर आलेला केसाचा दांडा, म्हणजे केशदंड, निर्जीव आहे. चरकाचार्यांनी केश व लोम यांची गणना अस्थिधातूच्या मलात केली आहे, हे या ठिकाणी लक्षणीय आहे. मल म्हणून बाहेर पडलेली वस्तू पोसता येत नाही. ती केवळ स्वच्छ राखता येते, स्निग्ध राखता येते आणि तुटण्यापासून वाचविता येते.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत वेणी असलेल्या स्त्रीच्या केसाचे टोक पाच-सहा वर्षे ऊन, घाम, पाणी, फणी व रबर यांचा मारा सोसत आलेले असते. ते टोक दुभंगले असता पोटात कितीही रसायन दिले तरी ते जुळणार नाही. तेवढा भाग कापणे हाच उपाय. त्याचप्रमाणे केशभूमीतील विकारामुळे केस मुळासकट गळत असता बाहेरून कितीही मोलाचे सीरम चोपडले तरी गळणे थांबणार नाही.

संहिताकारांनी हा भेद उत्तम जाणला होता. चरकाचार्य त्रिमर्मीय चिकित्सिताध्यायात सांगतात की, शरीरातील तेज वातादि दोषांसह केशभूमीस दग्ध करते तेव्हा खालित्य होते आणि किंचित दग्ध करते तेव्हा पालित्य येते. सुश्रुताचार्य क्षुद्ररोगनिदानात इंद्रलुप्ताची संप्राप्ती वर्णिताना म्हणतात की, वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप रोधून टाकतो; त्यामुळे नवा केस उगवत नाही. दोन्ही ठिकाणी संप्राप्ती मुळाशी आहे. अतएव आमचे म्हणणे थोडक्यात असे : केशभूमी हे वैद्याचे क्षेत्र आहे, केशदंड हे प्रसाधनाचे. प्रसाधन वाईट नाही. परंतु प्रसाधन औषध म्हणून विकणे आणि औषधाची गरज असलेल्यास प्रसाधन देऊन परत पाठविणे, ही दोन्ही कृत्ये आपणांस शोभणारी नाहीत.

२. शास्त्रोक्त नित्यक्रम

दिनचर्येत केशपरिचर्येचे स्थान स्वतंत्र आहे. चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात नित्य शिरोभ्यंगाचे गुण सांगताना शिरःशूल, खालित्य व पालित्य यांस प्रतिबंध, केसांचे मूळ दृढ होणे आणि सुखाने निद्रा येणे यांचा उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत केस विंचरणे हे केश्य असून धूळ, जंतू व मल दूर करणारे आहे, असे म्हटले आहे. वाग्भटाचार्य अभ्यंग विशेषेकरून शिर, कान व पाय यांना करण्यास सांगतात; तसेच उष्ण जलाचा परिषेक शरीराच्या अधोभागास बलकारक असला, तरी तोच शिरावर केल्यास केस व नेत्र यांचे बल हरण करतो, असा इशाराही देतात. हिवाळ्यात डोक्यावर कढत पाणी घेणाऱ्या रुग्णांना आपण हे आवर्जून सांगावे.

परंतु ‘रोज डोक्याला तेल’ हा उपदेश सरसकट नाही, हे विसरता कामा नये. कफग्रस्त व अजीर्णी यांना अभ्यंग वर्ज्य आहे. मूर्धतैलाच्या अभ्यंग, परिषेक, पिचू व बस्ती या चार प्रकारांत अभ्यंग रौक्ष्य, कंडू व मल यांत, तर पिचू केशपतन, स्फुटन व दाह यांत योजावा, असे विषयविभाजनही अष्टांगहृदयात आहे. दारुणकाच्या रुग्णाचा कोंडा पिवळसर, चिकट व नाकाच्या कडांपर्यंत पसरणारा असेल, तर रात्रभर तेल ठेवल्याने तो बहुधा वाढतो. शिरःत्वचेवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवर पोसते, असे आधुनिक संशोधन सांगते. सुश्रुताचार्यांनीही दारुणकात केवळ स्नेह न सांगता कोद्रवाच्या काडाच्या क्षारोदकाने शिर धुण्यास सांगितले आहे. अशा रुग्णांस तेल स्नानापूर्वी अर्धा-एक तास लावून धुऊन टाकण्यास सांगावे, किंवा काही काळ बंदच ठेवावे.

कोणते तेल घ्यावे, हा पुढील प्रश्न. आपल्या किनारपट्टीत खोबरेल परंपरेने वापरात आहे आणि त्यास आधुनिक आधारही आहे. आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यांपैकी केवळ खोबरेलाने केसातील प्रथिनांचा ऱ्हास कमी केला. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने तो केशदंडात शिरतो. खनिज तेल पृष्ठभागावरच राहते, अशी त्याची उपपत्ती आहे. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतच झाला, हेही सांगितले पाहिजे. शिवाय तो केशदंडाविषयी आहे. खोबरेलाने नवे केस उगवतात, असे त्यात म्हटलेले नाही.

३. आपल्या भागातील पाणी व घाम

बोईसर–तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, रंगद्रव्ये, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. परप्रांतांतून आलेले हजारो कामगार आसपासच्या चाळींत व खोल्यांत राहतात. तेथे केस गळण्याची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘इथलं पाणी खराब आहे’ या वाक्याने आरंभ करतो. या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासले पाहिजे.

कूपनलिकेचे पाणी व किनाऱ्याजवळच्या विहिरींचे मचूळ पाणी बहुधा जड, म्हणजे दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. उलट साबण व क्षार यांच्या संयोगाने न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस राठ, निस्तेज व गुंतणारे होतात, विंचरताना तुटतात. रुग्ण या तुटण्यालाच गळणे समजतो. जमिनीवर पडलेला केस उचलून पाहावा. त्याच्या एका टोकाशी बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटलेला आहे. दोन्ही टोके सारखी असतील तर तो मध्येच तुटलेला आहे. ही परीक्षा रुग्णास शिकविल्यास अर्ध्या शंका तेथेच फिटतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे, हेही त्यास सांगावे.

जड पाण्यावर उपाय अल्पखर्चाचे आहेत. अंगाचा साबण डोक्यास लावू नये, हा त्यांपैकी पहिला. साध्या साबणाचे पीएच मूल्य ९ ते १० असते, तर शिरःत्वचेचे सुमारे ५.५ व केशदंडाचे त्याहूनही कमी असते. शिकेकाई व रिठा यांतील फेनिल द्रव्य जड पाण्यात साका करीत नाही. त्याचप्रमाणे पुडीतील साधा शाम्पूही साका करीत नाही. दोन रुपयांची शाम्पूची पुडी डोक्यास अंगाच्या साबणापेक्षा निश्चित बरी, हे वैद्यांनी संकोच न करता सांगावे. शक्य असेल तेथे शेवटचा एक तांब्या नळाच्या अथवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा. तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवरून सोडल्यास साका निघण्यास साहाय्य होते; मात्र ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि डोक्यावर खरचटलेले अथवा फोड असल्यास वापरू नये.

घामाविषयीही दोन शब्द. कामाच्या जागी शिरस्त्राण सक्तीचे असते व ते योग्यच आहे. परंतु घामाने भिजलेले शिरस्त्राण, त्याखाली तेल अथवा जेल आणि वर कारखान्यातील धूळ यांनी रोमकूपांशी पुटकुळ्या येतात. अशा कामगाराने पाळीपूर्वी तेल लावू नये. पाळी संपल्यावर डोके धुवावे, रात्री थोडे तेल लावून सकाळी धुवावे. शिरस्त्राणाखाली रोज धुतलेला सुती रुमाल बांधावा आणि दुसऱ्याचे शिरस्त्राण व फणी वापरू नये. विरार–डहाणू गाडीतून ओले केस घट्ट बांधून कामावर जाणाऱ्या भगिनींनाही सांगावे की, ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. तो सैल सोडावा किंवा सैल वेणी घालावी. रोज एकाच जागी घट्ट रबर लावल्याने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात आणि हा प्रकार वर्षानुवर्षे चालल्यास ते परत येत नाहीत.

४. अल्पमोली प्रसाधने : कोणते काय करते

जेल, वॅक्स, सीरम इत्यादींविषयी आपल्या व्यवसायात एक प्रकारची तुच्छता आढळते. ती अनाठायी आहे. तरुणांना केस नीट बसवावेसे वाटणे यात दोष नाही; अंबाडा, खोपा, गंगावन व गजरा ही आपलीच परंपरा आहे. प्रश्न फक्त कोणती वस्तू काय करते, हे जाणून घेण्याचा आहे.

केस ओला झाला की त्यातील दुर्बळ हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी केसांना लहरी येतात, त्या यामुळेच. ही सर्वांत स्वस्त केशरचना होय. तिला एक पैचाही खर्च नाही. जेल हे या आकाराभोवती पातळ पापुद्रा निर्माण करून तो टिकविते. ते पाण्यात विरघळते, म्हणून रात्री धुऊन टाकल्यास सहसा अपाय नाही. त्यात मद्यार्काचे प्रमाण अधिक असल्यास केस कोरडे होतात. वॅक्स स्निग्ध असते, सहज धुतले जात नाही, आणि कपाळाशी लागल्यास तारुण्यपिटिका वाढविते. सीरममध्ये बहुधा सिलिकोन असते. ते केसांवर गुळगुळीत थर देऊन गुंता कमी करते. टोकांपुरते दोन-तीन थेंब पुरेत. केशभूमीस त्याचा उपयोग नाही. कंडिशनरही टोकांनाच लावावा व धुवावा. जड पाण्याच्या भागात त्याचा उपयोग खरोखर जाणवतो.

घरगुती पर्यायही आहेत. दोन चमचे अळशी दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळून, तार येताच गरम असतानाच फडक्यातून गाळल्यास उत्तम जेल मिळते. ते शीतकपाटात आठवडाभर टिकते. वास बदलल्यास टाकून द्यावे. कोरफडीचा गर वापरताना पान कापून त्यातील पिवळा चीक प्रथम पूर्ण निथळू द्यावा, अन्यथा खाज सुटते. जास्वंदीच्या पानांचा लगदा मृदू कंडिशनरचे काम करतो, आणि केळवे-माहीमच्या वाड्यांतून तो विनामूल्य मिळतो.

विद्युत इस्त्रीविषयी मात्र सावध करावे. तिचे तापमान बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ओल्या केसावर ती फिरविल्यास आतील पाण्याची वाफ होऊन केशदंडात बुडबुडे उत्पन्न होतात आणि केस तेथेच तुटतो. केस पूर्ण वाळल्यावर, कमीत कमी तापमानावर आणि प्रसंगापुरतीच ती वापरावी.

५. दोन गंभीर धोके

पहिला धोका काळ्या मेंदीचा. मेंदीच्या पानातील रंगद्रव्य केसांस तांबूस-नारिंगी छटा देते. शुद्ध मेंदी काळा रंग कधीही देत नाही. नीळ मिसळून व दोनदा लावून गडद रंग आणता येतो, परंतु त्यास काही तास लागतात. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या तथाकथित मेंदीत बहुधा पॅराफिनायलिनडायअमाइन असते. काहींच्या शरीरास या द्रव्याची असह्यता उत्पन्न होते, आणि ती एकदा उत्पन्न झाली की बहुधा आयुष्यभर राहते. पहिल्या वेळी काही झाले नाही, म्हणून पुढच्या वेळी होणार नाही, असे नाही. अशा रंगांच्या वेष्टनावर ‘त्वचेचा दाह होऊ शकतो, पूर्वचाचणी करावी, भुवया व पापण्यांस लावू नये, अंधत्व येऊ शकते’ अशा आशयाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना आपण ग्राहकास वाचून दाखवावी. कानामागे थोडा रंग लावून चाचणी करावी. वेष्टनावर चोवीस तास लिहिलेले असले, तरी प्रतिक्रिया कधी कधी अठ्ठेचाळीस तासांनी अथवा त्यानंतर दिसते. म्हणून दोन दिवस थांबणे इष्ट. आमच्या रुग्णेस आम्ही हे सांगितले असते, तर ती लग्नात मिरवली असती.

दुसरा धोका केस कायमचे सरळ करण्याचा. केसाचा मूळ आकार गंधकाच्या बळकट बंधांवर अवलंबून असतो. त्यामुळे तो बदलण्यास तीव्र रसायन अथवा रसायनासह उष्णता लागते. ‘केराटिन’ या नावाने केल्या जाणाऱ्या अनेक प्रक्रियांत केसांना प्रथिन मिळते, हा समज चुकीचा आहे. काहींत फॉर्माल्डिहाइड मुक्त होते, व त्याच्या वाफेने डोळे, घसा व श्वास यांस त्रास होतो. त्याचा संसर्ग ग्राहकापेक्षा रोज तेच काम करणाऱ्या पार्लरमधील मुलीस अधिक होतो. फॉर्माल्डिहाइडरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत ग्लायॉक्झिलिक आम्ल असते. अशा प्रक्रियेनंतर वृक्कांस तीव्र इजा झाल्याचे रुग्ण इस्राएलमधील वैद्यकांनी २०२३ साली नोंदविले. ट्युनिशियातील एका तरुणीस प्रत्येक वेळी केस सरळ केल्यानंतर हाच त्रास झाल्याचे वृत्त २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. हे आम्ल त्वचेतून शोषले जाऊन त्याचे ऑक्झलेट बनते आणि त्याचे स्फटिक वृक्कात साचतात, अशी त्याची उपपत्ती आहे. अतएव तरुण स्त्रीस अकस्मात वांती, कंबरदुखी व मूत्राल्पता ही लक्षणे असतील, तर ‘गेल्या आठ दिवसांत केस सरळ करून घेतले काय?’ हा प्रश्न विचारावा, रक्तातील क्रिएटिनिन तपासावे आणि विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. अम्लपित्त समजून घालविलेले दोन दिवस महाग पडू शकतात.

६. प्रसाधन पारखण्याची रीत

नवी वस्तू घेणाऱ्यास पुढील क्रम सांगावा. एका वेळी एकच नवी वस्तू घ्यावी आणि प्रथम तिची लहानात लहान पुडी घ्यावी. कानामागे अथवा कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे. त्यानंतर चार आठवडे इतर काहीही न बदलता ती वापरावी. तेल, शाम्पू व पाणी एकाच वेळी बदलल्यास गुण कोणाचा व दोष कोणाचा, हे कळत नाही. किंमत बाटलीवरून न मोजता एका वापराला किती पडते, यावरून मोजावी. मोठ्या बाटलीतून हात सढळ होतो, हेही ध्यानी घ्यावे. खाज, पुटकुळ्या, जळजळ अथवा पापणीची सूज दिसताच वापर थांबवावा आणि वेष्टन टाकून न देता वैद्याकडे न्यावे. विक्रेत्यांनी स्वतः वापरून अथवा घरच्यांस देऊन पाहिल्याविना कोणत्याही नव्या प्रसाधनाची शिफारस करू नये, हा नियम आम्ही त्या प्रसंगानंतर आमच्यापुरता केला आहे.

७. दुकान, निर्मिती व कायदा

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे दुकानदाराच्या विवेकावर अधिक भार पडतो. ‘आयुर्वेदिक कोणते?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर वेष्टनावर असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधाची निर्मिती नमुना २५-ड मधील परवान्याने होते, आणि वेष्टनावर तो परवाना क्रमांक व घटकद्रव्ये असतात. त्याच द्रव्यांचे नाव सांगणारे सौंदर्यप्रसाधन २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखालील परवान्याने तयार होते. त्यात माका अथवा आवळा असला, तरी ते औषध नव्हे. दोन्ही प्रकार फळीवर वेगवेगळे मांडावेत, म्हणजे ग्राहकास सांगणे सुलभ होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसतेल व शाम्पू यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला असून आयुर्वेदीय औषधांवरही ५ टक्के आहे. त्यामुळे कराच्या लाभासाठी एकास दुसऱ्याचे नाव देण्याचे कारणही आता उरलेले नाही.

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी तेल सिद्ध करण्यास कायद्यात सूट आहे. परंतु तेच तेल बाटलीत भरून, नाव छापून दुकानात ठेवल्यास परवाना आवश्यक ठरतो. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये ज्यांच्या निवारणाचा दावा औषधाने करू नये, अशा अवस्थांची यादी आहे. तीत टक्कल, केसांचा रंग बदलणे व नवे केस उगविणे यांचा समावेश आहे. ‘टक्कलावर हमखास’ अशी पाटी दुकानावर लावणाऱ्यांनी ही यादी एकदा अवश्य पाहावी.

रुग्णांसाठी तेल सिद्ध करणाऱ्यांस शार्ङ्गधरोक्त परिभाषेचे स्मरण देणे अनुचित होणार नाही. कल्क एक भाग, स्नेह चार भाग व द्रव सोळा भाग. आपल्या भागात पावसाळ्यात शेताच्या बांधांवर माका विपुल उगवतो. त्याचा ताजा स्वरस द्रव म्हणून घेता येतो. कल्काची वात वळली, ती अग्नीवर धरली असता तडतडली नाही व तेलावर फेन आला, म्हणजे पाक सिद्ध झाला. अभ्यंगास खरपाक व नस्यास मृदुपाक घ्यावा. जलांश राहिल्यास तेल खवट होते व तेच केशभूमीस त्रासदायक ठरते. घाईत उतरविलेले तेल देण्यापेक्षा साधे खोबरेल देणे श्रेयस्कर.

८. ग्राहक कोण, रुग्ण कोण?

शेवटचा व आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फळीसमोर उभ्या असलेल्या प्रत्येक व्यक्तीस वस्तू विकावयाची नसते. काहींना वैद्याकडे पाठवावयाचे असते. डेंग्यू, विषमज्वर अथवा अन्य तीव्र ज्वरानंतर, तसेच प्रसूतीनंतर, दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. हे गळणे बहुधा आपोआप थांबते. तेथे धीर व आहार हेच औषध होय. डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या, चालताना धाप व पाळीचा अतिस्राव असल्यास रक्ताची तपासणी आधी करावी. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू व तलासरी या भागांतील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा विकार आढळतो. म्हणून मंडूर अथवा लोहकल्प चालू करण्यापूर्वी ती तपासणी करून घेणे शहाणपणाचे. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, लहान मुलाच्या डोक्यावरील खवले व तुटके केस, वजनात अकारण फरक, डोक्यावर व्रण होऊन केस जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास तेलाची बाटली पुढे करू नये. विक्रेत्याने ‘ताई, आधी डॉक्टरांना दाखवा, तेल कुठं पळून जात नाही’ एवढे म्हणावे. त्या दिवशी एक बाटली कमी खपेल, परंतु ते कुटुंब पुढील वीस वर्षे त्याच दुकानाची पायरी चढेल.

सारांश, नित्य केशपरिचर्येस लागणारा खर्च थोडा आहे : प्रकृतीप्रमाणे थोडे तेल, सौम्य फेनक, निवलेले पाणी, रुंद दात्यांची फणी आणि सैल वेणी. यापलीकडे हौसेखातर कोणी पन्नास रुपयांचे जेल घेतले तर त्यास अडवू नये. त्याने काय होईल व काय होणार नाही, एवढे सांगावे. ‘यातले आयुर्वेदिक कोणते?’ असे विचारणारा ग्राहक वस्तुतः ‘यातले निर्धोक कोणते?’ असे विचारीत असतो. हे दोन प्रश्न एकच आहेत, अशी त्याची श्रद्धा आहे. ती खोटी ठरू नये, याची जबाबदारी आपणां सर्वांची आहे. सुज्ञ वाचकांस अधिक सांगणे न लगे.